अगस्त्यमलैची पायवाट : वनस्पती, मौखिक ज्ञान आणि लाभवाटपाचे अर्थशास्त्र

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजेच एकूण भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के इतके आहे. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी हे आकडे मुखोद्गत करतात आणि ते आवश्यकही आहे. मात्र हे मापन प्रामुख्याने उपग्रह प्रतिमांवरून, वृक्षांच्या छत्राच्या घनतेनुसार होते. त्या छत्राखाली, ओलसर सावलीत, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर काय उगवते आणि त्याचा उपयोग कोणाला ठाऊक आहे, हे उपग्रहाला दिसत नाही. वनाची आर्थिक किंमत ठरविताना लाकूड, कार्बन, पाणी आणि पर्यटन यांचा हिशेब आता होऊ लागला आहे. वनाविषयीच्या ज्ञानाचा हिशेब अद्याप कच्चाच आहे. प्रस्तुत लेखात केरळमधील अगस्त्यमलै डोंगररांगेतील एका वनवाटेच्या आधारे या ज्ञानाचे मूल्य, त्याची मालकी आणि त्यासंबंधीची कायदेशीर चौकट यांचा विचार केला आहे. सामान्य अध्ययनातील पर्यावरण, आदिवासी विकास आणि बौद्धिक संपदा हे तीन घटक या एकाच उदाहरणात एकत्र येत असल्याने अभ्यासकांनी ते बारकाईने समजून घेणे उपयुक्त ठरेल.

भूप्रदेश आणि समाज

पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळ व तामिळनाडू यांच्या सीमेवर अगस्त्यमलैची रांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर अगस्त्यारकूडम १,८६८ मीटर उंच असून ताम्रपर्णी नदीचा उगम याच डोंगरात होतो. २००१ मध्ये हा प्रदेश जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला. केरळच्या बाजूची नेय्यार, पेप्पारा व शेंदुरणी ही अभयारण्ये आणि तामिळनाडूच्या बाजूचा कळक्काड-मुंडनथुराई व्याघ्र प्रकल्प या क्षेत्रात मोडतात.

या डोंगरांत काणी, अर्थात काणिक्कार, या आदिवासी समाजाची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार केरळमध्ये त्यांची संख्या सुमारे २१ हजार होती. तामिळनाडूच्या लगतच्या जिल्ह्यांतही त्यांच्या वस्त्या आहेत. पूर्वी फिरती शेती, कंदमुळे, मध व शिकार यांवर जगणारा हा समाज आता बहुतांशी स्थिरावला आहे. रोगनिवारणाचे व विधींचे ज्ञान असणाऱ्या व्यक्तीला काणी लोक ‘प्लात्ती’ म्हणतात. हे ज्ञान कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये याविषयी समाजाचे स्वतःचे संकेत आहेत. पुढील विवेचनात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे.

दरवर्षी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात वन विभाग मर्यादित संख्येने पदभ्रमणार्थींना बोनाकाडहून अगस्त्यारकूडमकडे जाण्याची अनुमती देतो. वाट दाखविण्याचे काम बहुधा स्थानिक काणी तरुण करतात. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१९ पासून स्त्रियांनाही ही अनुमती मिळू लागली. काणी समाजातील काहींनी मात्र अगस्त्यमुनींचे पवित्र स्थान म्हणून तिला विरोध दर्शविला होता. प्रवेशाचा निर्णय न्यायालयाने व शासनाने घेतला; ज्यांच्या श्रद्धेचे ते स्थान आहे त्यांचे म्हणणे हा त्या प्रक्रियेतील एक पक्ष ठरला. घटनात्मक समानतेच्या दृष्टीने हा निर्णय प्रस्तुत लेखकाला योग्यच वाटतो. तथापि ‘या वनाविषयी कोणाला विचारायचे’ हा प्रश्न येथे वारंवार उपस्थित होतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

वाटेवरील वनस्पती

या वनात शिरताच नजरेत भरतात ती ईट्टा बांबूची दाट बेटे. पातळ कांड्यांचा हा बांबू केवळ दक्षिण पश्चिम घाटातच आढळतो. त्यापासून काणी लोक झोपडीच्या भिंती, छप्पर, चटया आणि टोपल्या तयार करतात. एकच गवतवर्गीय वनस्पती घर, भांडे आणि उत्पन्नाचे साधन अशी तिहेरी गरज भागविते.

थोडे पुढे गेल्यावर वृक्षांच्या खोडांवर चढलेले रानमिरीचे वेल दिसतात. काळी मिरी मूळची याच घाटातील. मिरीसाठी समुद्र ओलांडून व्यापारी आले, त्यापाठोपाठ सत्ता आल्या. परंतु रानमिरीचा वेल ओळखून तो परसात लावणाऱ्या पहिल्या माणसाचा हिशेब इतिहासाने ठेवलेला नाही. त्याच वनात कुडमपुळीचा वृक्ष आहे. कोकणातील रातांब्याचा हा सख्खा भाऊ; केरळमध्ये त्याची वाळविलेली फळे माशाच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात, जशी आपल्याकडे आमसुले. याच फळाचा अर्क वजन घटविण्याच्या गोळ्यांत घालून जगभर विकला जातो. या व्यापारातून लाभाचा वाटा मागावा तर मागणार कोण? ज्ञान इतके सर्वदूर पसरलेले आहे की त्याचा विशिष्ट धारक दाखविता येत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशा ज्ञानाला सार्वजनिक वस्तूचे स्वरूप आलेले असते : एकाने वापरल्याने ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि कोणाला त्यापासून रोखताही येत नाही.

सायकस या प्राचीन वनस्पतीची कथा वेगळी आहे. ताडासारखी दिसणारी ही वनस्पती वास्तविक ताडकुळातील नाही. तिच्या बियांत पिष्ट भरपूर असते, परंतु त्याबरोबर विषारी द्रव्यही असते. बिया फोडून, वाळवून, पुनःपुन्हा पाण्यात भिजवून ते विष काढून टाकल्यानंतरच त्यांचे पीठ खाण्यायोग्य होते. पश्चिम घाटातील अनेक आदिवासी समाजांना ही प्रक्रिया अवगत आहे. भेरली माडाच्या खोडातील पिठूळ गाभा हाही टंचाईच्या दिवसांतील असाच आधार. ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणजे कोणती वनस्पती उपयुक्त आहे एवढी माहिती नव्हे. किती वेळ भिजवावे, कोणत्या ऋतूत तोडावे, किती ठेवून द्यावे हे सारे त्यात येते. (वाचकांनी अशा वनस्पतींची चव घेण्याचा मोह टाळावा, हे सांगणे येथे अनावश्यक ठरू नये.)

‘किती ठेवून द्यावे’ याचे उत्तम उदाहरण रानकंदांचे आहे. अनेक आदिवासी समाजांत कंद खणून काढल्यानंतर वेलीचा बुंधा पुन्हा मातीत पुरण्याची रीत आहे, जेणेकरून पुढील वर्षी त्याच जागी कंद मिळावा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक साधनसंपत्तीचा ऱ्हास अटळ असल्याचे मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात अशी साधने स्थानिक नियमांनी टिकविणाऱ्या समुदायांची उदाहरणे मांडून त्या निष्कर्षाला मर्यादा घातल्या. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वेलीचा बुंधा पुरणे हा असाच एक अलिखित नियम होय.

हा नियम बाहेरच्या बाजारापुढे टिकतोच असे नाही. झाडी हळद ही पिवळ्या खोडाची महावेल अनेक वर्षांनी परिपक्व होते. तिचे खोडच औषधी असल्याने तोड म्हणजे बहुधा वेलीचा अंत. औषधबाजाराच्या मागणीमुळे ती आता अतिशय दुर्मिळ झाली आहे. सीता अशोकाच्या सालीचेही तसेच. मूळ साल अपुरी पडू लागल्याने रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या उंच, सरळ ‘खोट्या अशोका’ची साल तिच्या जागी विकली जाते. ग्राहकाला दोन सालींतील फरक कळत नाही, म्हणून खरी साल प्रामाणिकपणे जमविणाऱ्याला जादा भाव मिळत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखविले, तेच येथे सालीच्या बाजारात घडते. माहितीची विषमता हा धडा शिकविण्यासाठी मोटारीपेक्षा हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटावे.

आरोग्यपच्च

या साऱ्यांत एक लहानशी वनस्पती जगभरच्या कायदेपंडितांच्या चर्चेचा विषय झाली. तिचे नाव आरोग्यपच्च. मल्याळममध्ये ‘पच्च’ म्हणजे हिरवे. आरोग्य देणारे हिरवे पान असा या नावाचा आशय. सदाहरित वनाच्या सावलीत, ओढ्यांच्या आसपास ती वाढते. पाने हृदयाकृती असून वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ती करांद्याच्या कुळात मोडते. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. अगस्त्यमलैमधील उपजातीला त्रावणकोरवरून नाव दिले गेले आहे. ती नेमकी कोठे आढळते याचा तपशील येथे हेतुपुरस्सर दिलेला नाही, कारण प्रसिद्धीनंतर बाहेरच्या लोकांनी ती मुळासकट उपटून नेल्याचे प्रकार घडलेले आहेत.

डिसेंबर १९८७ मध्ये अखिल भारतीय समन्वित लोकजीवशास्त्र संशोधन प्रकल्पाचे पथक डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली या डोंगरांत फिरत होते. सोबत काणी वाटाडे होते. चढणीवर शास्त्रज्ञ थकत, वाटाडे मात्र ताजेतवाने दिसत. ते अधूनमधून काही लहान फळे खात असल्याचे पथकाच्या ध्यानात आले. फळे खाऊन पाहिल्यावर शास्त्रज्ञांनाही तरतरी जाणवली. वनस्पती कोणती, हे सांगण्यास वाटाडे प्रारंभी राजी नव्हते. ते समाजाचे गुपित होते. बऱ्याच विनवणीनंतर त्यांनी ती दाखविली.

त्यानंतरचे संशोधन केरळमधील पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत झाले. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला आता जवाहरलाल नेहरू यांचे नाव देण्यात आले आहे. काणी लोक फळ खात असत. संशोधनात पानांतही उपयुक्त घटक असल्याचे आढळले. पाने पुनःपुन्हा खुडता येतात, हा व्यावसायिकदृष्ट्या मोठा लाभ होता. आरोग्यपच्चेच्या जोडीला अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता घालून ‘जीवनी’ नावाचे शक्तिवर्धक औषध तयार करण्यात आले.

शंभर रुपयांतील एक रुपया

१९९५ मध्ये संस्थेने ‘जीवनी’च्या उत्पादनाचा परवाना कोईमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी दिला. परवाना शुल्क १० लाख रुपये आणि कारखान्याबाहेर पडतानाच्या किमतीवर २ टक्के स्वामित्वशुल्क असा करार झाला. या दोन्ही रकमांतील निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे संस्थेने ठरविले. त्याकाळी असे करणे कोणत्याही भारतीय कायद्याने बंधनकारक नव्हते, ही बाब संस्थेच्या श्रेयाची आहे. रक्कम स्वीकारण्यासाठी नोव्हेंबर १९९७ मध्ये काणी समुदाय कल्याण न्यासाची नोंदणी झाली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये सुमारे ५.१९ लाख रुपये न्यासाकडे हस्तांतरित झाले.

विद्यार्थ्यांनी या आकड्याची फोड करून पाहावी. ५ लाख रुपये हे परवाना शुल्काचे अर्धे. म्हणजे स्वामित्वशुल्कातून काणींच्या वाट्याला आलेली रक्कम केवळ १९ हजारांच्या आसपास. ती निम्मी असल्याने एकूण स्वामित्वशुल्क सुमारे ३८ हजार आणि ते २ टक्के असल्याने त्यामागील विक्री सुमारे १९ लाख रुपये. दुसऱ्या शब्दांत, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांच्या मालामागे स्वामित्वशुल्क दोन रुपये आणि त्यातील काणींचा वाटा एक रुपया. ‘पन्नास टक्के वाटा’ हे शब्द वृत्तपत्रांत भरघोस दिसतात; परंतु ते पन्नास टक्के संस्थेच्या उत्पन्नाचे होते, उत्पादनाच्या मूल्याचे नव्हते. टक्केवारी कशाची, हा प्रश्न प्रत्येक लाभवाटप करारात सर्वप्रथम विचारावयास हवा.

येथे आणखी एक तत्त्व स्पष्ट होते. नव्या औषधाची विक्री अनिश्चित असते. ज्या पक्षाकडे जोखीम पेलण्याची क्षमता कमी आहे त्याच्यासाठी एकरकमी शुल्क हितावह, आणि ज्याला दीर्घकाळ थांबणे परवडते त्याच्यासाठी स्वामित्वशुल्क. काणींच्या बाबतीत प्रारंभीची जवळजवळ सर्व प्राप्ती एकरकमी शुल्कातून झाली. स्वामित्वशुल्कावर विसंबून राहिले असते तर न्यासाच्या हाती पहिल्या हप्त्यात फारसे काही पडले नसते.

पुरवठ्याच्या बाजूने दुसरी अडचण उभी राहिली. आरोग्यपच्च वनाच्या सावलीतच चांगली वाढते; उघड्या शेतात लावल्यास अपेक्षित गुणधर्म मिळत नाहीत. काही काणी कुटुंबांना लागवडीचे प्रशिक्षण व साहाय्य देण्यात आले. पण वस्त्या राखीव वनात होत्या आणि वनातून पाने बाहेर नेण्यास वन विभागाने हरकत घेतली. ज्ञानाचे मोल देण्याची तयारी झाली होती, परंतु ज्या मातीत ते ज्ञान रुजले त्या मातीवरील हक्क मान्य झालेला नव्हता. कराराच्या मर्यादित यशाचे सर्वांत मोठे कारण प्रस्तुत लेखकाच्या मते हेच आहे. त्यात भर म्हणजे ‘जीवनी’ हे नाव अमेरिकेतील एका कंपनीने तेथे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले. परदेशात त्या नावाचे संरक्षण वेळीच घेतले गेले नव्हते.

संमती कोणाची?

१९९५ मध्येच काही प्लात्तींनी या व्यवहाराला आक्षेप घेतला. समाजाचे गुपित ज्ञान खासगी कंपनीला विकले जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी वनस्पती दाखविली ते वाटाडे होते. ज्ञान उघड करण्याचा परंपरागत अधिकार प्लात्तींचा. काणी वस्त्या वेगवेगळ्या डोंगरांत विखुरलेल्या असून न्यासाची स्थापना करारानंतर दोन वर्षांनी झाली. म्हणजे ज्ञान आधी गेले, करार नंतर झाला आणि समाजाच्या वतीने बोलणारी संस्था सर्वांत शेवटी अस्तित्वात आली.

यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणता येत नाही. उलट सद्हेतूने चाललेल्या प्रयत्नातही क्रम चुकला तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. अर्थशास्त्रज्ञ किमतीवर अधिक बोलतात. ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नाही, त्याला मिळणारी किंमत ही वस्तुतः किंमत नसून बक्षीस असते.

कायद्याची चौकट

१९९२ च्या रिओ परिषदेतील जैवविविधता करार २९ डिसेंबर १९९३ रोजी अंमलात आला. जैविक संसाधनांवर राष्ट्रांचा सार्वभौम अधिकार त्याने मान्य केला आणि अनुच्छेद ८ (जे) मध्ये स्थानिक समुदायांच्या ज्ञानाचा आदर व लाभाची समन्यायी वाटणी यांचा पुरस्कार केला. नागोया प्रोटोकॉल २०१० मध्ये स्वीकारला गेला व १२ ऑक्टोबर २०१४ रोजी अंमलात आला. भारताने दरम्यान जैविक विविधता अधिनियम, २००२ संमत केला. त्यानुसार चेन्नई येथे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, राज्यांत जैवविविधता मंडळे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या अशी त्रिस्तरीय रचना उभी राहिली.

समित्यांचे मुख्य कार्य लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे आहे. या कल्पनेच्या जडणघडणीत पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा वाटा मोठा होता. केरळमधील कण्णूर जिल्ह्यातील पट्टुवम पंचायतीने तर कायदा होण्यापूर्वीच, १९९७ मध्ये, आपल्या हद्दीतील जैवविविधतेची नोंद करून तिच्यावर पंचायतीचा हक्क घोषित केला होता. आज देशात अडीच लाखांहून अधिक समित्या कागदोपत्री स्थापन झाल्या आहेत. यांतील अनेक समित्या व नोंदवह्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत घालून दिल्यानंतर घाईने झाल्या. मुदतीपोटी भरलेली नोंदवही आणि वाटाड्याबरोबर चालून भरलेली नोंदवही यांत फरक असणारच.

या कायद्यातील कलम ४१ (२) परीक्षार्थींनी मुळातून वाचावे. संसाधन व त्याविषयीचे ज्ञान यांच्या वापरासंबंधी निर्णय घेताना प्राधिकरणाने व मंडळाने स्थानिक समितीशी ‘विचारविनिमय’ करावा, असे ते सांगते. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. नागोया प्रोटोकॉलची भाषा मात्र पूर्वमाहितीसह दिलेल्या संमतीची अथवा मान्यतेची व सहभागाची आहे.

भारतीय कंपन्यांनाही लाभवाटप लागू आहे का, हा वाद दीर्घकाळ चालला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसी प्रकरणात २१ डिसेंबर २०१८ रोजी याचे उत्तर होकारार्थी दिले. लाभवाटपाच्या २०१४ च्या विनियमांत वार्षिक विक्रीनुसार ०.१ ते ०.५ टक्के असा दर पर्याय म्हणून होता. २०२५ मध्ये नवे विनियम आले. त्यांत ५ कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीला सूट असून पुढील टप्प्यांना ०.२, ०.४ व ०.६ टक्के असे दर आहेत. शंभर रुपयांमागे काणींना मिळालेला एक रुपया या दरांपेक्षा अधिक होता, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

लिखित ज्ञान आणि मौखिक ज्ञान

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. संस्कृत ग्रंथांतील व जुन्या प्रकाशनांतील पुरावे तेव्हा कामी आले. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचा प्रकल्प सुरू झाला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी ग्रंथांतील योग त्यात परदेशी पेटंट परीक्षकांना समजतील अशा रीतीने नोंदविले आहेत. तथापि त्याचा पाया लिखित ग्रंथ हा आहे. काणींची फळे कोणत्याच ग्रंथात नव्हती.

२०२३ च्या दुरुस्ती अधिनियमाने हा भेद अधिक महत्त्वाचा केला. १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आलेल्या या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष व्यावसायिक यांना पूर्वसूचनेच्या व लाभवाटपाच्या बंधनातून मोठ्या प्रमाणावर सूट दिली. कारावासाऐवजी १ लाख ते ५० लाख रुपयांपर्यंतचा दंडही आणला. संहिताबद्ध म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांतून आलेले ज्ञान. ‘जीवनी’ची घडण या दृष्टीने पाहावी : अश्वगंधा, पिंपळी व विष्णुक्रांता या तिन्ही वनस्पती आयुर्वेदाच्या ग्रंथपरंपरेतील, चौथी काणींच्या तोंडी असलेली. एकाच बाटलीत लिखित व मौखिक ज्ञान मिसळलेले आहे. ग्रंथात नोंद झाली की परदेशी पेटंटपासून संरक्षण सुलभ होते. परंतु देशांतर्गत लाभाचा दावा दुबळा होतो. आयुर्वेदाचेही पुष्कळसे वनस्पतिज्ञान कधीकाळी वनवाटांवरूनच ग्रंथांत आले असावे, असा तर्क करता येतो. त्या वाटाड्यांचा वाटा आता मागता येणार नाही.

उद्योगांची बाजूही येथे विचारात घ्यावी. परवानगीची प्रक्रिया लांबली तर लहान औषधनिर्माते बेजार होतात, आणि लागवडीच्या वनस्पतींना सूट दिल्याने वनावरील ताण कमी होऊ शकतो. हे दोन्ही युक्तिवाद रास्त आहेत. मात्र आरोग्यपच्चेसारख्या वनातच वाढणाऱ्या वनस्पतीला ‘लागवडीची’ ठरविणारे प्रमाणपत्र कोण व कसे तपासणार, यावर या सुटीची गुणवत्ता अवलंबून राहील.

वनहक्क कायद्यातील एक उपकलम

२००६ च्या वनहक्क अधिनियमाची चर्चा बहुधा जमिनीच्या पट्ट्यांभोवती फिरते. त्यानंतर सामूहिक हक्कांचा क्रम लागतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून २०११ पासून बांबूविक्री स्वतः सुरू केली, हे उदाहरण विद्यार्थ्यांना ज्ञात असेलच. याच अधिनियमाच्या कलम ३ (१) मधील अकराव्या उपकलमात, म्हणजे इंग्रजी पाठातील ‘के’ मध्ये, जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा आणि तिच्याशी व सांस्कृतिक विविधतेशी संबंधित पारंपरिक ज्ञान व बौद्धिक संपदेवरील सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. जमीन आणि ज्ञान यांना एकाच सूत्रात बांधणारी ही तरतूद १९९५ मध्ये अस्तित्वात असती तर काणींच्या पानांना वनाबाहेर नेण्यास झालेल्या हरकतीचे स्वरूप निराळे झाले असते. व्यवहारात या उपकलमाचा वापर फार थोडा होतो.

गौण वनोपजांसाठी २०१३-१४ पासून किमान आधारभूत किंमत योजना आणि २०१८ पासून वनधन योजना राबविल्या जात आहेत. जुन्नर-आंबेगाव परिसरातील महादेव कोळी कुटुंबांना हिरड्याच्या भावाचे जे महत्त्व आहे, ते पाहता या योजनांची आवश्यकता वादातीत ठरते. परंतु आधारभूत किंमत वजनावर मिळते. ती श्रमाचा व मालाचा मोबदला आहे; ज्ञानाचा मोबदला तिच्यात धरलेला नाही. उत्तरपत्रिकेत या दोहोंची गल्लत होऊ नये.

१९८७ ची ती वनवाट आज पुन्हा चालावयाची झाल्यास काय घडेल, याचा आराखडा अभ्यास म्हणून मांडून पाहावा. भारतीय संशोधक केवळ अभ्यासासाठी आला असेल तर प्राधिकरणाची परवानगी त्याला सामान्यतः लागणार नाही. अभयारण्यात शिरण्यासाठी वन विभागाची लागेल. संशोधनावर पेटंट घ्यावयाचे झाल्यास प्राधिकरणाशी संबंध येईल. औषध बाजारात आणताना राज्य मंडळाशी. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २४ मे २०२४ रोजी स्वीकारलेल्या करारानुसार पेटंट अर्जात ज्ञान पुरविणाऱ्या समुदायाचे नाव उघड करणे अपेक्षित आहे. तथापि केवळ ते उघड केले नाही म्हणून, फसवणुकीचा हेतू नसल्यास, पेटंट रद्द होणार नाही. स्थानिक समितीशी विचारविनिमय होईल. ग्रामसभेने कलम ३ (१) च्या त्या उपकलमाखाली दावा केलेला असेल तर तिला आपले म्हणणे अधिक ठामपणे मांडता येईल. या संपूर्ण क्रमात चढणीवर पुढे चालणाऱ्या वाटाड्याला ‘ही फळे कोणती ते मी सांगणार नाही’ असे म्हणण्याचा अवसर नेमक्या कोणत्या टप्प्यावर मिळतो आणि त्याचे ते उत्तर कोणावर बंधनकारक असते, हे कलमांच्या क्रमांकांसह लिहून पाहावे.